इस्त्रीचा शर्ट

आज दिवसभरात आई सोडून फक्त दूधवाल्याशी आणि कुरिअरवाल्याशी बोललो. घरून भाषांतराची कामं करतो, त्याला आता सहा वर्षं झाली. नोकरी सोडताना वाटलं होतं, वेळ आपला होईल. पण काम जेवणाच्या ताटापर्यंत आलं, मग उशाशीही.

सावरलो ते वेताळ टेकडीमुळे. पहाटे वर गेलं की रोजचे चेहरे भेटतात. नावं माहीत नाहीत, पण दोन दिवस गेलो नाही तर विचारपूस होते. एकट्याने काम करणाऱ्याला तेवढी विचारपूस फार मोलाची असते.

परत आल्यावर अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, मगच टेबल. "घरात कुणासाठी रे?" आई विचारते. माझ्यासाठीच.

जीव खरा खातात ते थकलेले पैसे. उद्यम नोंदणी केल्यावर कळलं, 2006 च्या कायद्यानुसार आपल्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं. आता बिलाखाली तशी ओळ छापतो. मागताना आवाज खाली जात नाही.

संध्याकाळी सातला लॅपटॉप कपाटात जातो. किल्ली आईकडे असते.