थप्पड आणि तडा

माझ्या खोलीत १९९७ साली घेतलेला एक जुना संगणक आहे. त्याचा पडदा आजच्यासारखा पातळ व सपाट नाही; त्यामागे चांगले मोठे धूड आहे. त्या धुडात काचेची एक निर्वात नळी असते. तिच्या निमुळत्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचे बारीक झोत निघतात आणि पुढच्या काचेच्या आतील लेपावर आदळून त्याला उजळवितात. हे झोत डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, वरून खाली सेकंदाला निदान ६० वेळा फिरतात, म्हणून आपल्याला अखंड चित्र दिसते. या जातीची नळी कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली बनविली होती.

एके सायंकाळी पडद्यावरचे चित्र एकाएकी मिटले आणि मधोमध एकच आडवी, झगझगीत रेघ उरली. मी चिडून त्या धुडावर एक थप्पड मारली. काय आश्चर्य! चित्र परत आले! मला मोठा अभिमान वाटला. पुढे रोजच थपडा माराव्या लागल्या. आठवड्याभरात मात्र थप्पडही चालेनाशी झाली.

अखेर मी तो पडदा आमच्या गावातील अण्णांकडे नेला. रेडिओ दुरुस्त करता करता त्यांचे केस पिकले आहेत. त्यांनी रेघ पाहताच प्रथम उजेड मंद केला. झोत एकाच जागी फिरत राहिला, तर लेप जळतो.

"गुरुजी, रेघ उजळ आहे, म्हणजे नळी शाबूत आहे," ते म्हणाले. "ती या कडेपासून त्या कडेपर्यंत आहे, म्हणजे झोत आडवा फिरतो आहे. तो वर-खाली तेवढा जात नाही. मग सगळे यंत्र कशाला उपसायचे?"

मी उत्साहाने झाकणाला हात घातला, तोच त्यांनी माझे मनगट धरले. "या नळीत हजारो व्होल्टांचा दाब असतो. वीज बंद केली, तरी तो मागे राहतो. जाणकारावाचून येथे कोणी हात घालू नये."

तो दाब त्यांनी काळजीपूर्वक उतरविला आणि भिंगातून एक जागा मला दाखविली. तारेच्या टोकाभोवती, डाखाला केसाएवढा तडा गेला होता. यंत्र रोज तापते आणि निवते. त्या प्रसरण-आकुंचनाने तो पडला होता.

"तुमच्या थपडेने तडा क्षणभर जुळत होता," अण्णा हसून म्हणाले, "पण बुजत नव्हता. उलट वाढत होता."

नवा डाख लागला आणि चित्र पूर्ववत झाले. मी मात्र घरी येताना गप्प होतो. माझ्या वर्गात एक मुलगा फळ्यावरचे वाचताना नेहमी अडखळे. मी दरडावले, की कसेबसे चार शब्द वाची आणि पुन्हा थांबे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बोलावून हळूच विचारले, "बाळ, नेमके कोठे अडते?"

तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, मागच्या बाकावरून अक्षरे पुसट दिसतात."

एवढेच होते! हा प्रश्न मी वर्षभर विचारला नव्हता.