हँडलातली थरथर

नगर म्हणजे लुनाचं गाव. 1972 मध्ये कायनेटिकने आणलेली ती पन्नास सीसीची गाडी आमच्या गल्लीत दारोदार होती. काकांनी मात्र राजदूत 350 घेतली. दोन सिलिंडर, 347 सीसी, यामाहाच्या आरडीचा देशी अवतार, 1983 मध्ये बाजारात आलेला. तिच्या एका टाकीत लुना महिनाभर फिरेल, असं शेजारी म्हणत. बरोबरच होतं त्यांचं.

टाकीवर बसून हँडल धरलं की तळहातांना मुंग्या येत. कॉलेजात गाडी माझ्या हाती आली तेव्हा कारण समजलं. एक पिस्टन वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. दोघांचे जोर एकमेकांना मारतात, पण पिस्टन शेजारी शेजारी असल्याने इंजिन डावी-उजवीकडे डुलू पाहतं. त्याला इलाज नाही, ती त्या इंजिनाची जातच.

पुढे नोकरीपायी गाडी पडवीत उभी राहिली. परत काढली तर राहुरीच्या रस्त्याला साठच्या पुढे हँडल भलतंच थरथरू लागलं. सल्ले फुकट मिळाले: कोनसेट बदल, शॉकअपचं ऑइल बदल, रिमचा आऊट काढ. रणगाड्यांपर्यंतची वाहनं तपासणारी व्हीआरडीई याच गावात, पण आमचं निदान म्हाताऱ्या मिस्त्रींनी केलं, तेही आधी पान्याला हात न लावता.

"साठच्या पुढे गेलास की क्लच दाब, रेस सोड, गाडी तशीच पळू दे. थरथर गेली तर इंजिन, राहिली तर चाक."

राहिली. मग गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी केलं. हँडल सावकाश फिरवलं. कोनसेटच्या छर्ऱ्यांनी वाटीत खळगे पाडले असते तर ते मधोमध अडकलं असतं. अडकलं नाही. टायर धरून आडवा हलवला, बेअरिंगला खेळ नव्हता. ड्रमचा आऊट ब्रेक लावल्यावर जाणवतो, ही थरथर तर ब्रेकविनाच होती. शेवटी मिस्त्रींनी शॉकअपला खिळा बांधून त्याचं टोक टायरला टेकवलं आणि चाक फिरवलं. एका जागी फट पडत होती. वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून कडक झालेलं रबर तिथे चपटं बसलं होतं. नक्षी मात्र नवीकोरी.

तेव्हा नक्षीवरून टायर जोखू नका. त्याच्या बाजूवर तो कधी बनला हे सांगणारे चार आकडे असतात. 2419 म्हणजे 2019 चा चोविसावा आठवडा. जुनी गाडी काढताना आधी ते वाचा, कोनसेटवर पैसे नंतर घाला.