वचन पूर्ण होते म्हणजे

१ डिसेंबर २०२४, रविवार
आगमनकाळाचा पहिला रविवार. संडे स्कूलच्या वर्गात दरवर्षीचा तक्ता लावला. डावीकडे जुन्या करारातले भाकीत, उजवीकडे नव्या करारातली पूर्तता. मीखा, बेथलेहेम. जखऱ्या, गाढवाचे शिंगरू. चौथीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, यशया ज्योतिषी होता का?" घाईघाईत म्हणाले, "नाही रे, संदेष्टा होता." फरक काय, ते सांगितलेच नाही. दिवसभर ते मनात राहिले.

४ डिसेंबर, बुधवार
रात्री यशयाचा सातवा अध्याय सावकाश वाचला. इ.स.पूर्व ७३५ च्या आसपासची गोष्ट. अराम आणि इस्राएल यांचे राजे मिळून यरुशलेमावर चालून आलेले, आहाज राजाची पाचावर धारण बसलेली. यशया त्याला खूण देतो: एका तरुणीला मुलगा होईल, त्याचे नाव इम्मानुएल, त्याला बरेवाईट कळू लागण्याआधी या दोन्ही राजांचे देश ओस पडतील. खूण आहाजासाठी होती. सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या बाळाने त्या घाबरलेल्या माणसाला काय धीर आला असता? इ.स.पूर्व ७३२ मध्ये अश्शूरने दिमिष्क घेतले, दहा वर्षांनी शोमरोनही पडले. म्हणजे या शब्दांनी आपल्या काळातही कुणाला तरी सावरले होते.

मूळ इब्री शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण मुलगी. येशूच्या आधीच यहुदी भाषांतरकारांनी ग्रीकमध्ये तिथे 'पार्थेनोस', कुमारी, असा शब्द घातला आणि मत्तयाने येशूच्या जन्मकथेत तो घेतला. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने लिहिलेल्या संवादात त्रिफो हा यहुदी नेमके यावरच बोट ठेवतो. शब्द तरुणीचा आहे, आणि बोलणे हिज्कीया राजाविषयी आहे, असे त्याचे म्हणणे. इतका जुना आक्षेप, आणि माझ्या तक्त्यात त्याला जागा नाही. मुलांपासून हे झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही.

७ डिसेंबर, शनिवार
आज होशेयापाशी अडले. हेरोदाच्या भीतीने योसेफ बाळाला घेऊन मिसरात गेला आणि हेरोद मरेपर्यंत तिथे राहिला, यात होशेयाचे बोल पूर्ण झाले, असे मत्तय म्हणतो. होशेयाचा अकरावा अध्याय उघडला, तर तिथे भविष्य नाहीच. होशेय मागे वळून पाहतो आहे. इस्राएल लेकरू असताना देवाने त्याला मिसरातून बोलावले. पण जितक्या हाका मारल्या तितके ते दूर गेले. बापाची दुखरी आठवण आहे ती. आठवण खरी ठरणार कशी?

शेवटी आपल्याच भाषेने हात दिला. भाकीत खरे ठरते. वचन पूर्ण होते. मंडळीत शास्त्रातल्या प्रत्येक ओळीला आपण वचन म्हणतो, आणि दिलेल्या शब्दालाही वचनच. मत्तयाच्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थही भरणे असाच. तेराव्या अध्यायात जाळे माशांनी भरते, तिथेही त्याने हेच क्रियापद वापरले आहे. त्याला दिसले ते असे असावे: इस्राएल नावाचा मुलगा मिसरातून निघाला आणि वाट चुकला, हा मुलगा त्याच वाटेने निघाला आणि चुकला नाही. होशेयाचे बोल अर्धवट भरलेल्या घागरीसारखे होते, ते येशूत काठोकाठ भरले.

हे आधी कळायला हवे होते. किती वर्षे मी मुलांना जोड्या लावायला सांगत आले.

११ डिसेंबर, बुधवार
वर्गासाठी सुतळी मोजून कापली: ७.३४ मीटर. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत १९४७ साली सापडलेली यशयाची गुंडाळी एवढी लांब आहे. चामड्याचे १७ तुकडे एकमेकांना शिवलेले, लिखाण येशूच्या जन्माआधी शंभरएक वर्षांचे. दुःख सोसणाऱ्या सेवकाचा ५३ वा अध्याय तिच्यात आहे. तो ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसडला, असे आता कुणाला म्हणता येणार नाही.

पण तो सेवक कोण, हे गुंडाळी सांगत नाही. मी त्यात येशूलाच पाहते, दुसरे कुणी मला दिसत नाही. अकराव्या शतकातल्या राशी या यहुदी भाष्यकाराला त्यात छळ सोसणारे इस्राएल दिसले. त्याच्या हयातीतच, १०९६ साली, क्रूस मिरवणाऱ्या टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या यहुद्यांच्या कत्तली केल्या. हे माहीत असताना 'त्यांचे डोळे बांधलेले आहेत' असे मी मुलांना शिकवणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार
तक्ता काढला. सुतळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरली, मुलांना मजा वाटली. मग येशू शिंगरावर बसून यरुशलेमात आला, ती गोष्ट सांगितली. योहान मोकळेपणाने लिहितो, की शिष्यांना त्या दिवशी काहीच उमगले नाही, जखऱ्याचे शब्द त्यांना नंतर आठवले. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर येशू ज्यांना भेटला, त्या दोघांचेही तेच; आधी भेट, मग शास्त्राचा उलगडा. चौथीतला तो मुलगा म्हणाला, "म्हणजे यशयालाही सगळं माहीत नव्हतं?" म्हटले, "नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं, की शब्द कुणाचा आहे."

२८ डिसेंबर, शनिवार
निष्पाप बालकांचा दिवस. हेरोदाने बेथलेहेमातली बाळे मारली, तिथे मत्तयाला यिर्मया आठवतो: राहेल लेकरांसाठी रडते आहे. एरवी मत्तय हेतू सांगतो, अमुक पूर्ण व्हावे म्हणून तमुक झाले. इथे, आणि पुढे यहूदाच्या तीस नाण्यांपाशी, तो 'म्हणून' टाळतो आणि नुसते 'तेव्हा' म्हणतो. बाळांचे मरण हा देवाचा बेत होता, असे त्याच्या लेखणीतून उतरले नाही. त्या एका शब्दासाठी मी मत्तयाची ऋणी आहे.

संध्याकाळी अण्णांचे शास्त्र काढून आईला यिर्मयाचा ३१ वा अध्याय वाचायला घेतला. अण्णा समासात लाल पेन्सिलीने लिहीत. ज्या वचनाचा प्रत्यय आला, तिथे तारीख आणि पुढे 'पूर्ण'. या पानावर माझा धाकटा भाऊ गेला ती तारीख आहे. तो दोन वर्षांचा होता. तारखेपुढे 'पूर्ण' नाही. आणि ती राहेलीच्या रडण्यापाशी, पंधराव्या वचनापाशीही नाही. सतराव्यापाशी आहे, जिथे लेकरे आपल्या देशी परत येतील असे देव तिला सांगतो.

पंधराव्याला माझा आवाज अडला.

"थांबू नकोस," आई म्हणाली, "सतरापर्यंत वाच."