सुट्टीतले दोन महिने

उन्हाळ्याची सुट्टी मुलांची, असे आपण म्हणतो. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीची सुट्टी घराने आधीच वाटून घेतलेली असते. कुरडया-पापडांना दोन हात, आत्याच्या घरच्या लग्नात करवली आणि योग आलाच तर एखादा बघण्याचा कार्यक्रम! त्यामुळे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन आलेली आमची लेक, “मे-जून मी पुण्याला, ढगांच्या अभ्यासाला,” म्हणाली तेव्हा घरात गडबड उडाली.

बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. ती हिला मिळाली होती, आणि काम होते पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत. ही संस्था १९६२ सालची.

“ढग गच्चीवरनं दिसत नाहीत होय?” सासूबाई म्हणाल्या. त्यात नेमके त्याच आठवड्यात एक चांगले स्थळ सांगून आले. मुलाची रजा दहाच दिवस. लेक म्हणाली, “आई, पाऊस माझ्यासाठी थांबणार नाही गं.” मी रात्रभर विचार केला. मुलगा असता तर त्याला आपण थांबवले असते का? सकाळी ह्यांना म्हटले, “जाऊ दे तिला.” स्थळवाले ‘कळवतो’ म्हणाले, ते कळवलेच नाही. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वाळवणे मी निम्मीच केली.

तिथे ती काय करते, हे मला फोनवर समजले. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, कारण हवेतल्या वाफेला टेकायला तांब्या असतो. आकाशात तांब्या कुठला? तिथे धूळ, समुद्राचे मीठ, धूर यांचे डोळ्यांना न दिसणारे कण ते काम करतात. ढगातला थेंब साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. असे दहा लाख थेंब एक झाले, तर दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब होतो! आणि कण फार झाले तर तेवढेच पाणी जास्त जणांत वाटले जाते. थेंब बारीक राहतात, पाऊस पडायला वेळ लागतो.

हे ऐकून सासूबाई पटकन म्हणाल्या, “म्हणजे पातेलं तेवढंच नि खाणारी तोंडं वाढली!” त्यांचा अबोला तिथे सुटला.

जूनअखेर ती आठ दिवस महाबळेश्वरला गेली. तिथे २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात ढगच जमिनीवर उतरतात, त्यामुळे यंत्रे थेट ढगात ठेवता येतात. तिने कळवले, “आज ढगात उभी होते. ओढणी ओली झाली, पण पाऊस नव्हता!”

ही वाट काही आजची नाही. केरळात १९१८ साली जन्मलेल्या अण्णा मणी यांनी आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांच्या कुड्या नाकारून ज्ञानकोश मागितला, असे सांगतात. १९४८ साली त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. बाहेरून आणावी लागणारी यंत्रे इथेच बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, आणि १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

आमच्या लेकीने काही मोठा शोध लावलेला नाही. दोन पावसाळ्यांतल्या कणांच्या मोजणीचा एक आलेख आणि वीस पानांचा अहवाल, एवढीच तिची कमाई. पण आता ती पीएच.डी. म्हणते आहे. लग्न लांबणार, नातलग बोलणार, याची मला धास्ती वाटते. नाही कशी वाटेल? तरी तो अहवाल सासूबाईंनी देवघराशेजारच्या फडताळात, सगळ्यांच्या पत्रिकांबरोबर ठेवला आहे.

तुमच्या घरी विज्ञान शिकणारी लेक असेल, तर एवढेच सांगते. असे अर्ज आदल्या हिवाळ्याच्या तोंडावरच भरायचे असतात. म्हणून सुट्टीची बोलणी मे महिन्यात नको, दिवाळीचा फराळ करतानाच करून टाका.