रुमाल टाकला म्हणजे जागा मिळत नाही

फुजैरात नव्याने आलेल्या माणसाला दोन गोष्टी लगेच दिसतात: मागे हजर पर्वताचे उघडेबोडके डोंगर आणि बंदराजवळ तेलाच्या टाक्यांच्या रांगा. हे बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर, ओमानच्या आखातावर आहे. त्यामुळेच २०१२ साली हबशानहून इथवर तेलवाहिनी आली. टाकी भाड्याने घेतली, की रिकामी असली तरी ती तुमचीच.

माझ्या धंद्यात, म्हणजे सर्व्हर सांभाळण्यात, असं नसतं. आभासी मशीनसाठी १०० जीबीची डिस्क इमेज बनवा. ती बहुतेक वेळा विरळ फाईल असते: आकार १०० जीबी दिसतो, पण डिस्कवर व्यापलेलं जवळजवळ काहीच नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा, तसं! अशा दहा इमेज ५०० जीबीच्या डिस्कवर सुखाने नांदतात, सगळ्या भरू लागेपर्यंत. मग एके रात्री जागा संपते आणि क्यूईएमयू ते मशीन जागच्या जागी थांबवतो. आतल्या बिचाऱ्या प्रणालीला मात्र डिस्क अर्धी रिकामीच दिसत असते. सकाळी फोन अर्थातच आपल्याला.

उपाय सोपा वाटतो: जागा आधीच राखून ठेवायची. लिनक्सवर त्यासाठी पॉझिक्स-फॅलोकेट आहे. पण मंडळी, खरी गोम काठावरच्या प्रसंगांत आहे.

पहिला, शून्याचा. शून्य बाइट मागितले तर ते "चुकीची मागणी" म्हणून परत पाठवतं. इमेज वाढवायचीच नसेल तर विचारूच नये.

दुसरा, उत्तराचा. इतर फंक्शनं बिघडली की उणे एक देतात. हे थेट चुकीचा क्रमांक हातात ठेवतं. सवयीने उणे एक शोधणारा प्रोग्राम "जागा मिळाली" समजून पुढे जातो.

तिसरा, फाईल सिस्टिमला ही सोयच नसेल तेव्हाचा. मग लायब्ररी प्रत्येक ब्लॉकला एकेक बाइट लिहीत बसते. जुन्या एनएफएसवर हे नेटवर्कवरून चालतं. तेवढ्यात चहा पिऊन यावं.

चौथा सगळ्यात फसवा. बीटीआरएफएसवर स्नॅपशॉट घेतला, की राखलेल्या जागेवर लिहायलाही नवी जागा लागते. आरक्षण कागदावरच!

म्हणून इमेज बनवल्यावर एलएस आणि डीयू दोन्ही चालवून पाहा. पहिला आकार सांगतो, दुसरा खरोखर व्यापलेली जागा. दोन आकडे जुळले नाहीत, तर अजून नुसता रुमालच पडलाय.