झाडांखालचे मैदान

खेळ माणसांना एकत्र आणतो, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु आमच्या गोंदिया जिल्ह्यातील गावांत संध्याकाळी मैदानाकडे पाहिले, तर क्रिकेट खेळणारी दहा-वीस मुले दिसतात. मुली कडेला उभ्या आणि वडीलधारी मंडळी ओसरीवर. मैदान सर्वांचे, खेळ मात्र मोजक्यांचा!

चर्चमागील मोकळ्या जागेचे काय करावे, हा प्रश्न सध्या आमच्या धर्मग्रामापुढे आहे. लग्नकार्यासाठी सभागृह बांधावे, भाडे येईल, असे काहींचे मत. ते चुकीचे नाही. चर्चलाही खर्च असतातच. मी मात्र ‘डिस्क गोल्फ’ सुचविले.

नाव परके असले, तरी खेळ साधा आहे. तबकडी फेकत फेकत कमीत कमी फेकींत लक्ष्यापर्यंत न्यायची. लक्ष्य म्हणजे खांबावरची टोपली. तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या तबकडीला अडवितात. १९७५ साली एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. गोल्फसारखी पाणी पिणारी हिरवळ येथे लागत नाही. झाडेही तोडावी लागत नाहीत. त्यांना वळसा घालून तबकडी फेकणे हेच तर कौशल्य!

आरंभी नऊ लक्ष्ये पुरेत. आमच्याकडील कारागीर बांबूच्या टोपल्या सहज विणून देतील. फेकीची दिशा पायवाटेवर किंवा दुसऱ्या खेळाडूंवर येऊ नये, एवढी दक्षता हवी. मार्च-एप्रिलमध्ये बायाबापड्या पहाटे मोहफुले वेचतात. त्या दिवसांत मोहाची झाडे त्यांचीच, खेळ संध्याकाळी. आणि पावसाळ्यात शेजारच्या बांधीत धान उभे असते. तबकडी शोधायला मुले त्यात शिरली, तर कोणाचे तरी वर्षाचे अन्न तुडविले जाईल. म्हणून त्या बाजूला एकही लक्ष्य नको.

येथे संत जॉन बॉस्को आठवतात. १८४६ साली तुरीनमध्ये त्यांची शेकडो मुले फिलिप्पी बंधूंच्या कुरणात खेळत. गवत मुळापर्यंत तुडविले गेले, तेव्हा मालकांनी जागा सोडण्यास सांगितले. पुढे पिनार्दी यांच्या पडवीत त्यांना आसरा मिळाला. मुलांवरील प्रेम थोर खरे. पण शेजाऱ्याचे गवतही खरे. तेव्हा आपल्या आराखड्यावर पहिली चर्चा शेजारच्या शेतकऱ्यांशी व्हावी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत.

या खेळात कोणी ‘बाद’ होऊन बाहेर बसत नाही. दुबळा खेळाडूही अखेरच्या टोपलीपर्यंत चालत जातो. आजी आणि नातू एकाच वाटेने जातात. प्रत्येकाची स्पर्धा आपल्याच कालच्या आकड्याशी. चालणे होते, बोलणे होते, आणि रविवारी मिस्सा आटोपताच पांगणारी कुटुंबे तासभर अधिक एकत्र राहतात.

सभागृह दोन-चार वर्षांनीही बांधता येईल. आज आठ वर्षांची असलेली मुलगी मात्र तोवर कुंपणाशी उभी राहायला शिकलेली असेल. निर्णय करताना धर्मग्रामाने एवढे लक्षात घ्यावे, ही विनंती.