सहेरीनंतरचा तास

आम्ही दोघी नात्याने नणंद-भावजय. एकीचे शिक्षण दहावीपर्यंत उर्दू माध्यमात झालेले, दुसरीचे बारावीपर्यंत मराठीत. एक लग्न होऊन जालन्याला आली, तर दुसरी लग्न मोडून तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन जालन्यालाच परतली. कुंडलिका नदीच्या अलीकडे-पलीकडे वसलेल्या या गावाला लोक ‘जालना सोने का पालना’ म्हणतात. आमच्या घरात सोने नव्हते. पाळणा मात्र होता, आणि तो हलवता हलवता आम्ही बी.ए. झालो. ते कसे, हे सांगायला हा लेख लिहीत आहोत.

अब्बा मोंढ्यात मापाडी होते. आडतीवर दिवसभर ज्वारी, बाजरी, तूर मोजायची आणि संध्याकाळी डोळ्यांच्या पापण्यांवर भुसा घेऊन घरी यायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा क्रम. भाऊ औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये लोखंडाच्या सळयांजवळ उभा राही. दोघांच्या कमाईत घर चालत होते, पण त्यात आता दोन माणसे वाढली होती. माहेरी परतलेल्या बाईला कोणी जेवायला नाही म्हणत नाही. तरी दुसरी भाकरी घेताना हात थबकतो. हे तिने कधी बोलून दाखवले नाही, पण चुलीजवळ दोघी बसत असू, त्यामुळे दुसरीला ते दिसत होते.

नोकरीसाठी जिथे विचारावे तिथे एकच उत्तर मिळे, “पदवी आहे का?” नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारक मिळून शंभरात चारही भरत नाहीत, असे त्यात लिहिले होते. वर्तमानपत्रात ते वाचून आम्ही आमची गल्ली डोळ्यांपुढे आणली आणि घरे मोजू लागलो. फार मोजावे लागले नाही.

कॉलेजात जाणे शक्य नव्हते. पण १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, त्याचे अभ्यासकेंद्र जवळ आहे आणि तिथे रविवारी गेले तरी चालते, असे कळले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचे ब्रीद. आमच्या घरात नळाचीच गंगा आठवड्याने येई, म्हणून आम्ही आधी हसलो. मग गंभीर झालो. त्या काळी बारावी नसलेल्यांसाठी तिथे पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. आमच्यातल्या एकीला तो करावा लागणार होता. दुसरी म्हणाली, “भाभी, तुम्ही तो करा, मी वर्षभर थांबते. गेलो तर दोघी जाऊ.” त्या थांबण्यामुळेच पुढचे सगळे घडले, असे आज वाटते. २००९ साली दोघींनी प्रथम वर्षाचा अर्ज एकाच दिवशी भरला.

नातेवाईक म्हणाले, “इस उमर में कायकी पढाई?” शेजारणीने विचारले, “पढ के कलेक्टर होनेका है क्या?” आम्ही म्हणालो, “नै खाला, बस पास होनेका है.” अभ्यासकेंद्रात गेलो तेव्हा धीर आला. वर्गात एक एस.टी.चे कंडक्टर होते, एक पोलीस हवालदार, दोन अंगणवाडी सेविका. सगळ्यांचे चेहरे आमच्यासारखेच, शिकायची वेळ हुकलेल्या माणसांचे. बुरख्याकडे पहिल्या दिवशी सगळ्यांनी पाहिले, दुसऱ्या दिवशी कोणी पाहिले नाही. मधल्या सुट्टीत हवालदारसाहेबच आमच्याकडे वही मागू लागले.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्राने आम्हाला अडवले. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त, मागणीची लवचिकता, समवृत्ती वक्र! एका पानावर दहा शब्द अडायचे. मराठीवालीला वाक्य वाचता येई पण अर्थ लागत नसे. उर्दूवालीला तर शब्दच फुटत नसत. आम्ही गाइड आणले आणि उत्तरे घोकली. मे २०११ च्या परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला आणि घोकलेले सगळे हातातून निसटले. दोघीही त्या विषयात नापास झालो.

आमची चूक काय झाली, हे संमंत्रक सरांनी फळ्यावर हिशेब मांडून दाखवले. मुक्त शिक्षणात अभ्यास श्रेयांकात मोजतात आणि एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. आठ श्रेयांकांचा विषय असेल तर २४० तास. सर म्हणाले, “तुम्ही किती तास दिलेत?” आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस सोडले तर सांगण्यासारखे काही नव्हते. आम्ही स्वतःला मंद समजत होतो. खरे म्हणजे आमचे तासच कमी पडले होते. मंदपणावर इलाज नाही, तासांवर आहे. रोज एक तास दिला तर २४० तास आठ महिन्यांत भरतात. पण तो एक तास आणायचा कुठून? सकाळी डबे, दुपारी शिवणकाम, संध्याकाळी पाहुणे, रात्री भारनियमन.

तो तास रमजानने दिला. २०११ साली ऑगस्टमध्ये रोजे आले. सहेरीला साडेतीनला उठायचे, स्वयंपाक करायचा, सगळ्यांना जेवू घालायचे. फजरची नमाज झाली की घर पुन्हा झोपे. आम्ही मात्र जाग्याच असू. त्या शांत वेळेत पहिल्यांदा पुस्तक उघडले. महिना संपला, ईद झाली, पण आम्ही ती वेळ सोडली नाही. अम्मी विचारी, “रोजे हो गये, अब कायकु उठ रे?” आम्ही म्हणायचो, “आदत हो गयी अम्मी.”

त्याच रमजानमध्ये आम्हाला सीमांत उपयोगिता कळली, तीही इफ्तारच्या दस्तरखानावर. दिवसभराच्या तहानेनंतर पाण्याचा पहिला पेला, त्याची किंमत कशात करणार? दुसरा पेला बरा वाटतो. तिसरा कोणी पुढे केला तर आपण हात आडवा धरतो. पाणी तेच, पेला तोच, कमी झाली ती आपली तहान. एक वस्तू जसजशी अधिक मिळत जाते तसतसा तिच्या पुढच्या नगापासून मिळणारा उपयोग घटत जातो. पुस्तकातले हे वाक्य वर्षभर पाठ होत नव्हते, ते त्या संध्याकाळी एका पेल्यात समजले. आम्ही दोघी एकदम हसलो, तेव्हा भाऊ म्हणाला, “क्या हुआ इनको?”

मग आम्ही अब्बांना धरले. त्यांना विचारले, “अब्बा, मागणी आणि पुरवठा म्हणजे काय?” ते म्हणाले, “अरे, ये तो तलब और रसद है!” उर्दूवालीच्या डोळ्यांत उजेड पडला. अब्बा पुढे सांगू लागले. मोंढ्यात आवक वाढली की भाव पडतो, पोळ्याला हमाल घरी गेले की भाव नुसता उभा राहतो. मिठाचा भाव दुप्पट झाला तरी माणूस तेवढेच मीठ घेतो. मोसंबीचा दुप्पट झाला तर म्हणतो, राहू दे, पुढच्या बाजारी पाहू. म्हणजे मिठाची मागणी अलवचिक, मोसंबीची लवचिक. आमच्या जिल्ह्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या वहीत तिला मान त्याआधीच मिळाला होता. सातवीपर्यंत उर्दूत शिकलेला मापाडी आम्हाला बी.ए.चे अर्थशास्त्र शिकवत होता.

त्या दिवसापासून आम्ही एका लांब वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात उर्दू, तिसऱ्यात इंग्रजी शब्द देवनागरीत. अर्थशास्त्र म्हणजे मआशियात म्हणजे इकॉनॉमिक्स. हे शब्द जमवताना कळले, की आपला मुलूख या शब्दांना परका नव्हता. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी आदल्या वर्षीच भाषांतराचे खाते उघडून शास्त्रांचे शब्द घडवले गेले. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ झाले, त्याआधी इकडच्या मुलांची पदवी हैदराबादेहून येई. शायर म्हणून ज्यांना घरोघरी ओळखतात त्या इक्बालांचे उर्दूतले पहिले पुस्तक १९०४ चे, आणि तेही अर्थशास्त्रावरचे, ‘इल्मुल इक्तिसाद’. आमची मराठीवाली म्हणाली, “मग आपण कशाला घाबरायचे?”

वहीच्या शेवटच्या पानांवर आम्ही तास मोजू लागलो. मोजायची रीत अब्बांचीच. आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. अब्बा ‘बरकत’ म्हणत. आमचाही पहिला तास ‘बरकत’ म्हणून लिहिला, मग दोन, मग तीन. ज्या दिवशी मूल आजारी असे किंवा पाहुणे मुक्कामाला असत, त्या दिवशी रकाना रिकामा राही. रिकाम्या रकान्याबद्दल एकमेकींना बोल लावायचा नाही, पण सलग दोन रिकामे सोडायचे नाहीत, एवढाच नियम. रोज एकीने धडा वाचायचा आणि दुसरीला तोंडी समजावून सांगायचा. सांगताना जिथे अडखळलो, तिथे आपल्याला कळलेले नाही हे आपोआप उघडे पडे.

मे २०१२ मध्ये तिसऱ्या वर्षाचे पेपर आणि मागचे अर्थशास्त्र एकत्र दिले. निकाल लागला. एक सर्व विषयांत पास झाली. दुसरीचे तेवढे अर्थशास्त्र चार गुणांनी राहिले. कोण पास झाली आणि कोण राहिली, हे आम्ही इथे सांगणार नाही. घरातही आता आम्ही ते बोलत नाही.

त्या निकालाने ‘आम्ही’ हा शब्दच मोडला. राहिलेलीने पुस्तके बांधून माळ्यावर टाकली. पास झालेलीला पेढे वाटायची लाज वाटली. राहिलेलीला वाटे, ही माझी कीव करते. पास झालेलीला वाटे, हिला माझे सुख बघवत नाही. दोन्ही खोटे होते, पण एका छताखाली तीन महिने आम्ही ते खरे मानून जगलो. अवघड विषयापेक्षा हे अवघड होते. शाळेचे वय उलटल्यावर शिकणाऱ्या माणसाला नापासाचे दुःख एकट्यानेच भोगावे लागते. त्याला वर्ग नसतो, शेजारच्या बाकावर दुसरा नापास मुलगा नसतो.

अब्बा सगळे पाहत होते. एका संध्याकाळी माळ्याकडे बघत ते म्हणाले, “एक पोतं बाकी रहा तो गाडी सुटती नै, बेटा.” कोणाला उद्देशून म्हणाले कळले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पास झालेली एकटीच उठून बसली. तिला आता अभ्यास कसलाही नव्हता. तरी तिने वही उघडली आणि दिवा लावला. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी माळ्यावरून पुस्तके खाली आली. वहीत नव्या पानावर पुन्हा लिहिले, ‘बरकत’.

ते वर्ष दुष्काळाचे होते. २०१२ चा पाऊस गेला, घाणेवाडीचा तलाव आटला, शेतकऱ्यांनी मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या, काहींनी तोडून सरपण केले. २०१३ च्या उन्हाळ्यात जालन्यात पाणी विकत घ्यावे लागे. परीक्षेच्या दिवशी गल्लीत टँकर आला. एक परीक्षेला गेली, दुसरी सात घागरी घेऊन रांगेत उभी राहिली.

पेपरात सीमांत उपयोगितेवर प्रश्न होता. पाणी इतके उपयोगी असून स्वस्त का आणि हिरा निरुपयोगी असून महाग का, हे कोडे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मांडले. पुस्तकात उत्तर आहे, की किंमत एकूण उपयोगितेवर नव्हे तर शेवटच्या नगाच्या उपयोगितेवर ठरते. पाणी मुबलक म्हणून त्याचा शेवटचा पेला स्वस्त. परीक्षेला बसलेलीने ते लिहिले आणि पुढे स्वतःचे लिहिले. पाणी मुबलक नसेल तर काय होते हे पाहायचे असेल तर आज जालन्यात यावे. माझ्या घरची बाई या क्षणी टँकरच्या रांगेत उभी आहे. तिच्या घागरीतल्या शेवटच्या पेल्याची किंमत पुस्तकातल्या आकृतीत मावणार नाही. तपासणाऱ्यांनी त्याला किती गुण दिले ठाऊक नाही. पण या वेळी ती पास झाली.

पुढे पदवीच्या बळावर एकीला पतसंस्थेत काम मिळाले. दुसरी घरी मुलांची शिकवणी घेते, मराठी शाळेच्या आणि उर्दू शाळेच्याही. पदवीने आमचे दारिद्र्य पळाले असे नाही. पण दुसरी भाकरी घेताना आता हात थबकत नाही. अब्बा आज नाहीत. आमच्या प्रमाणपत्रांवर त्यांनी एकदा बोट फिरवले होते, पोत्यावरचा मार्का पाहावा तसे.

कडेवर आलेली ती मुलगी आता कॉलेजात जाते. मागच्या वर्षी तिचा एक विषय राहिला. ती दोन दिवस जेवली नाही. आम्ही तिला काही समजावले नाही. तिसऱ्या पहाटे आम्ही दोघी उठलो, दिवा लावला आणि ती लांब वही काढून बसलो. थोड्या वेळाने ती डोळे चोळत आली आणि विचारू लागली, “इतक्या लवकर काय करताय?”

आम्ही तिला जवळ बसवले आणि कोऱ्या पानावर तिच्याच हाताने पहिला शब्द लिहवून घेतला.